सोनसावर आणि माझा ऑक्सिमीटर

होळी नुकतीच झाली होती आणि जळगावातल्या गच्च्यांवर ज्वारीच्या पापडासारख्या बिबड्या वाळत पडायला लागल्या होत्या. अशा दिवसांत शहाणी बाई घर सोडून जंगलात फुलं बघायला जात नाही. मी गेले. फुलांची ओढ होती म्हणून नाही. मला जास्वंद आणि कण्हेर यांच्यापलीकडे फारसं काही ओळखता येत नाही. माझा नवरा जाणार होता आणि त्याला नजरेआड करायचं नाही, असा माझा नेम होता.

गेल्या वर्षी माघात ह्यांच्या हृदयाचं ऑपरेशन झालं. ते घरी आले आणि त्या दिवसापासून मी घरात डॉक्टर, परिचारिका आणि पहारेकरी अशा तिन्ही जागा भरून टाकल्या. मीठ कमी झालं, तेल जवळजवळ गेलं. खानदेशातल्या माणसाच्या ताटातून तेलाचा तवंग काढून घेणं म्हणजे काय, हे बाहेरच्यांना कळायचं नाही. शेवभाजीच्या वासावर हे नुसते दारात उभे राहायचे, आणि मी त्यांच्यापुढे उकडलेला दुधी ठेवायची. पावसाळ्यात डॉक्टर म्हणाले, "आता बिनधास्त फिरा, टेकडी चढा, आवडेल ते करा." मी त्यातलं फक्त "फिरा" ऐकलं, आणि तेही गच्चीवर.

मुलीने पुण्याहून ऑक्सिमीटर पाठवला होता. बोटाला चिमट्यासारखं लावायचं ते छोटं यंत्र. त्यावर रक्तातला ऑक्सिजन आणि नाडीचे ठोके दिसतात. करोनाच्या दिवसांत घराघरांत आलं आणि नंतर लोकांनी ते खणात टाकून दिलं. मी मात्र ते पर्समध्ये ठेवलं. सकाळी चहाआधी बोट, चहानंतर बोट, जिना चढून आले की बोट. हे आयुष्यभर दीपनगरच्या वीजकेंद्रात कंट्रोल रूममध्ये काम करून निवृत्त झालेले. काटे बघायचे, दाब वाढला की सांगायचं, हेच त्यांचं काम. एकदा बोट पुढे करत म्हणाले, "इतकी वर्षं मी बॉयलरचे काटे बघितले. आता मीच बॉयलर." मी हसले नाही. काटा बघत होते.

दीपनगरला असताना हे दर वसंतात मित्रांबरोबर सातपुड्यात जायचे, सोनसावर बघायला. ते एक वेडंवाकडं झाड असतं म्हणे, कड्याच्या खडकात उगवतं. पानं सगळी झडून गेल्यावर नुसत्या फांद्यांवर मोठाली पिवळी फुलं येतात. मी कधी गेले नव्हते. घरी येऊन ते वर्णन करायचे आणि मी पोळ्या लाटत "हो का" म्हणायची. गेल्या वर्षी त्या फुलांच्या दिवसांत हे पलंगावर होते.

यंदा पाटणादेवीच्या जंगलात रानफुलं, त्यात सोनसावरसुद्धा, दाखवायची सहल निघतेय असं कळलं तेव्हा ह्यांनी माझ्याशी करार केला. करार असा: जंगलात सगळं नीट पार पडलं तर ह्यांनी दर रविवारी पुन्हा हवं तिकडे फिरायला जायचं आणि मी आडकाठी करायची नाही. काही बिनसलं तर हा विषय कायमचा बंद. गच्ची हेच त्यांचं जंगल. हात पुढे करून ते म्हणाले, "मंजूर?" मी मंजूर म्हटलं. खरं सांगायचं तर मला खात्री होती की काहीतरी बिनसेलच, आणि ते बिनसलं की लगेच दिसावं म्हणून मी बरोबर गेले.

पहाटे जळगावहून मिनीबस निघाली. माझ्याजवळ एक पिशवी होती. त्यात ह्यांच्या सकाळच्या गोळ्या, दुपारच्या गोळ्या, जिभेखाली ठेवायची गोळी, इलेक्ट्रॉलची पाकिटं, पाण्याच्या बाटल्या, ओला टॉवेल, घडीचं स्टूल, दोन छत्र्या आणि बिनतेलाच्या भाजीचा डबा. हे फक्त टोपी घालून आले होते. बसमध्ये सराफ्याजवळ कापडाचं दुकान असलेले एक मारवाडी शेठ आणि त्यांची बायको आमच्या पुढच्या बाकावर होते. शेठांनी माझी पिशवी बघून विचारलं, "भाभी, मुक्काम आहे का?"

चाळीसगावला बस थांबली तेव्हा एक अक्का चढल्या. नऊवारी लुगडं, पायात पांढरे कॅनव्हासचे बूट. त्यांच्या नातसुनेने सहलीला नाव दिलं होतं, पण तिच्याऐवजी ह्या आल्या. "तिले काम निंघनं, मंग मी उनू," असं सगळ्या बसला सांगून त्या माझ्या शेजारी बसल्या आणि पदराच्या गाठीतून खारे शेंगदाणे काढून मला दिले. मी ते ह्यांच्यापर्यंत पोचू दिले नाहीत. खारे होते.

सहलीची मार्गदर्शक कॉलेजात वनस्पतीशास्त्र शिकवणारी एक मुलगी होती. गळ्यात शिट्टी, कमरेला भिंग. देवळाजवळ तिने आम्हाला गोल उभं केलं आणि नियम सांगितले. फूल तोडायचं नाही, उचलायचं नाही, मोठ्याने बोलायचं नाही, मोबाइलवर गाणी नाहीत. "आज फक्त डोळे वापरायचे," ती म्हणाली. ह्यांनी हे ऐकून शहाण्या विद्यार्थ्यासारखी मान डोलावली. मी त्या वेळी त्यांच्या बोटाला यंत्र लावत होते. यंत्र झाडावर लावायचं नव्हतं, तेव्हा नियमात बसत होतं.

वाट आधी सपाट होती. नाल्यात पाणी नव्हतं, पानगळीचा नुसता चुरा होता आणि प्रत्येक पाऊल कुरकुरत पडत होतं. मुलगी थांबून थांबून दाखवत होती. हा पळस, हा पांगारा, ही काटेसावर, हिच्या खोडावरचे काटे बघा. सगळे वर बघायचे. मी ह्यांच्या छातीकडे बघायची, ती किती वरखाली होतेय ते. आज कुणी मला विचारलं की पाटणादेवीचा पळस कसा फुलला होता, तर मी ह्यांच्या शर्टाच्या दुसऱ्या गुंडीचं वर्णन करू शकेन. पळसाचं नाही.

पहिल्या चढानंतर मी त्यांना स्टुलावर बसवलं आणि बोट मागितलं. लगेच शेठ जवळ आले. "भाभी, एक मिनिट आमचंही बघा ना." मी बघितलं. बरं होतं. त्यांच्या बायकोनेही बोट पुढे केलं. तिचं शेठांपेक्षा बरं निघालं, त्यावर ती जी हसली! मग मागे नाशिकरोडवरून आलेलं एक कुटुंब होतं, त्यांना उत्सुकता वाटली. बघता बघता माझ्यापुढे रांग लागली. मार्गदर्शक मुलगी पलीकडे करवंदीची पांढरी फुलं दाखवत एकटीच उभी होती. तिच्यापुढे कुणी नाही आणि माझ्यापुढे सगळा गाव. कुणाचा आकडा किती, कुणी सकाळी किती चहा घेतला, कुणाच्या मेव्हण्याला काय झालं होतं, अशी जोरदार चर्चा सुरू झाली. मी तर सल्लेही द्यायला लागले. "मीठ कमी करा," मी एका धडधाकट माणसाला सांगितलं, आणि तो "हो ताई" म्हणालाही.

मुलीने शेवटी शिट्टी वाजवली. जवळ येऊन अगदी नम्रपणे म्हणाली, "काकू, तुमचा दवाखाना जेवणानंतर चालवूया का?" सगळे हसले. ह्यांनी खाली बघून टोपी नीट केली. मला चांगलंच ठाऊक आहे, टोपी नीटच होती.

शेवटचा चढ कड्याकडे जायचा. मुलगी म्हणाली, वर एका खडकाच्या टोकाला सोनसावर आहे आणि आज ती पूर्ण फुललेली आहे, काल तिने स्वतः बघितलंय. हे ऐकल्यावर ह्यांची चाल बदलली. मी म्हटलं, "हळू." ते हळू झाले. मी म्हटलं, "आता बसा." ते बसले. मी म्हटलं, "बोट." त्यांनी बोट दिलं. आकडा उत्तम होता. तरीही मी त्यांना दोन मिनिटं बसवलं, कारण उत्तम आकड्यावर माझा विश्वास नव्हता.

अर्ध्या चढावर घाम माझ्या डोळ्यांत उतरायला लागला. पिशवीचा पट्टा खांद्यात रुतला. मी मनाशी म्हटलं, ह्यांना विश्रांतीची गरज आहे. "अहो, थांबा," मी म्हटलं, "तुम्हाला धाप लागलीय." ते वळले. त्यांना धाप लागलेली नव्हती. मला लागली होती, आणि ती एवढी मोठी होती की पुढचं वाक्य बाहेरच आलं नाही. मी वाटेतल्या एका खडकावर धपकन बसले. जवळच्या झुडपाला माझा पदर अडकला, तो कुणी सोडवला आठवत नाही.

अक्का माझ्या मागून येत होत्या. त्यांनी माझ्या पर्समध्ये हात घातला, यंत्र काढलं आणि माझ्याच बोटाला लावलं. आयुष्यात पहिल्यांदा ते माझ्या बोटाला लागलं. अक्कांना आकडे वाचता येत होते पण अर्थ माहीत नव्हता, म्हणून त्यांनी ते ह्यांच्यापुढे धरलं. नाडी धावत सुटली होती. ह्यांनी नोकरीतल्या सवयीने काटा बघितला, भुवया उंचावल्या आणि म्हणाले, "बॉयलर तापलाय."

अक्कांनी माझ्याकडे बघितलं, ह्यांच्याकडे बघितलं. "त्यास्नं बठ्ठं ठीक शे," त्या म्हणाल्या. "तुमनंच बिघडेल शे."

मग काय विचारता. ह्यांच्यासाठी आणलेलं इलेक्ट्रॉल मी प्याले. ह्यांच्यासाठी आणलेला ओला टॉवेल माझ्या मानेवर आला. ह्यांच्यासाठी आणलेल्या स्टुलावर माझे पाय ठेवले. शेठ छत्री धरून उभे राहिले आणि मला म्हणाले, "भाभी, मीठ कमी करा." जो तो माझं निदान करत होता. कुणाच्या मते उपाशीपोटीचा पित्ताचा त्रास, कुणाच्या मते उन्हाचा. खरं कारण मला माहीत होतं. गच्चीवर फिरवायचं ते नवऱ्याला, मी स्वतः वर्षभर जेमतेम स्वयंपाकघर ते पलंग एवढं चालले होते. आणि आज पाठीवर अर्धं औषधांचं दुकान घेऊन डोंगर चढत होते.

थोड्या वेळाने श्वास ठिकाणावर आला. मुलगी म्हणाली, "काकू, तुम्ही इथेच सावलीत बसा. वर जाऊन यायला फार वेळ नाही लागणार. कुणीतरी तुमच्याजवळ थांबेल."

"मी थांबतो," हे म्हणाले.

लगेच म्हणाले. चेहरा पाडून नाही, उपकार केल्यासारखं नाही. एखादा माणूस "दार मी लावतो" म्हणतो तसं. आणि ते माझ्याजवळ खडकावर टेकलेसुद्धा. वर वाटेच्या वळणापलीकडे ते झाड होतं, ज्यासाठी त्यांनी माझ्याशी करार केला होता, पहाटे उठून स्वतः दाढी केली होती. आणि ते टोपीने मला वारा घालत बसले होते.

मला बरं वाटायला हवं होतं. करार मी जिंकत होते. बिनसलं होतं ना, आता विषय बंद. पण त्यांनी ते "थांबतो" इतक्या सवयीने म्हटलं की मला गेलं सगळं वर्ष आठवलं. जिन्यात मी हाक मारली की थांबणारे, भाजी आणायला निघून दारातूनच परतणारे, मित्रांचा फोन आला की "नाही रे, घरीच बरंय" म्हणणारे. मला वाटायचं, ऑपरेशनने घाबरलेत.

बाकीचे वर निघून गेले. अक्का मात्र माझ्यासाठी मागे राहिल्या आणि जरा पलीकडे बसून बूट झटकत होत्या. मी ह्यांना विचारलं, "तुम्हाला वर जायचं नाहीये?"

"जायचंय की."

"मग?"

ते वारा घालायचे थांबले. "तू घाबरशील," ते म्हणाले.

एवढंच. वर्षभर मी सगळ्यांना सांगत होते, मी त्यांना सांभाळते, माझ्यावाचून त्यांचं कसं झालं असतं. मैत्रिणी म्हणायच्या, धन्य आहे तुझी, आणि मला ते पटायचं. आणि हा माणूस रोज सकाळी बोट पुढे करत होता ते स्वतःसाठी नाही. माझा जीव ठिकाणावर राहावा म्हणून. मला रडू आलं, आणि ते धापेचं आहे असं मी स्वतःला सांगितलंसुद्धा.

"जा," मी म्हटलं.

त्यांनी सवयीने माझ्या पर्सकडे बघितलं. "निघायच्या आधी एकदा बघून—"

"जा म्हटलं ना!" मी एवढ्या जोराने म्हटलं की मोठ्याने न बोलण्याचा नियम त्या जंगलात माझ्याइतका कुणी मोडला नसेल. ते उठले. चार पावलं गेले, मागे वळून बघितलं. अक्का तिकडून माझ्यावरच खेकसल्या, "जाऊ द्या त्यास्ले! माणूस शे तो, डालाखाल झाकाले काय कोंबडं शे?" मी तर जाच म्हटलं होतं, पण माझ्या चेहऱ्यावर बहुतेक काही वेगळं लिहिलं असावं.

ते वळणापर्यंत दिसले, मग टोपी दिसली, मग काहीच नाही. मी खोटं सांगत नाही, मला फार भीती वाटली. दवाखान्यात त्यांना आत नेलं आणि दार बंद झालं, तेव्हा वाटली होती तशीच. तेव्हा मी दारासमोरून हलले नव्हते. आता मी त्यांना स्वतःच जा म्हटलं होतं, आणि जिभेखाली ठेवायची गोळी माझ्याच पिशवीत राहिली होती. ती आठवल्यावर मी उभी राहिले. एक पाऊल टाकलं आणि परत बसले. बसताना पदर पुन्हा त्या झुडपात अडकला.

अक्का जवळ आल्या आणि पदर सोडवायला लागल्या. "आते तरी दखा," त्या म्हणाल्या. "कव्हयना इठेच शे हाई झाड."

मी बघितलं. झुडूप म्हणजे पानापानाला नुसती लाल फुलं, लहान लहान, नळीसारखी. धायटी, असं नंतर कळलं. मधमाश्यांनी झुडपाचा ताबा घेतला होता. माझ्या पदराला, कोपराला, पिशवीला लाल फुलं चिकटली होती. मघापासून मी याच्या कुशीत बसून पाणी पीत होते, माझ्या नाडीवर परिसंवाद ऐकत होते आणि मला ते दिसलंच नव्हतं. सकाळपासून बघितलेलं हे माझं पहिलं फूल. अक्कांनी एक तोडून मला चोखायला दिलं. किंचित गोड होतं. नियम मोडल्याबद्दल आम्ही दोघींनी वर वाटेकडे बघून घेतलं.

माणसं उतरायला लागली तेव्हा मी आधी टोपी शोधली. शेठ आले, त्यांची बायको आली, ते नाशिकरोडचं कुटुंब आलं. टोपी नाही. माझा हात पिशवीत गोळीवर जाऊन बसला. मग शेवटी, मार्गदर्शक मुलीशी बोलत, टोपी हातात धरून हे आले. डोक्याचे केस घामाने चपटे झालेले, चेहरा लाल. मी वर्षभर त्यांचा चेहरा रोज तपासत होते, पण तो असा बघितला नव्हता.

ते माझ्याजवळ खडकावर बसले आणि सांगायला लागले. झाड वाकडंच आहे, खडकाच्या बाहेर लोंबतंय, एक पान नाही, आणि फुलं हातभर अंतरावर. आत केशरी रंगाचे तंतू असतात, ते दीपनगरला असताना कधी एवढ्या जवळून दिसले नव्हते. एक फूल समोरच गळून खाली दरीत गेलं. ते हातांनी फुलाचा आकार दाखवत होते. मी पोळ्या लाटत नव्हते, म्हणून पहिल्यांदाच नीट ऐकलं. फोटो काढला होता, त्यात अर्धं त्यांचं बोट आलं होतं.

बोलून झाल्यावर त्यांनी श्वास घेतला आणि काही न म्हणता, सवयीने, उजव्या हाताचं बोट माझ्यापुढे केलं.

मी पर्स उघडली. यंत्र वरच होतं. मी पर्स बंद केली आणि ते बोट नुसतं हातात धरलं.

"चला," मी म्हटलं, "उतरताना मला आधार लागेल."